दव वाळेपर्यंत

माझ्या कातारिनाचा बाप्तिस्मा ज्या वर्षी दोनदा झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. पहिला जानेवारीत झाला. कायताया गावाहून पाद्री आला, कारण पोरीच्या डोक्यावर पाणी पडल्याशिवाय दिदांना घास गोड लागेना. दुसरा फेब्रुवारीत, आमच्या माओरी लोकांच्या सभाघरापुढे, कारण पहिल्याच्या वेळी आपल्याला कोणी विचारलं नाही म्हणून माझ्या माहेरकडची आंटी पारे रुसून बसली होती. दोन्ही वेळा पोर सारखीच रडली. साल एकोणीसशे पंचावन्न.

दिदा म्हणजे माझे सासरे, याकोव. दिदा त्यांच्या भाषेत आजोबाला म्हणतात. नातवंड व्हायच्या आधीपासूनच त्यांना सगळी वस्ती दिदा म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी ते युरोपातल्या दाल्माशियाच्या दगडी डोंगरांतून इथे न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला आले आणि तीस वर्षं त्यांनी जमिनीतून जुन्या कौरी झाडांचा गाडलेला डिंक खणून काढला. त्यात उजवा खांदा गेला. हात छातीच्या वर जात नसे. मग त्यांनी शेळ्या धरल्या. मी घरात आले तेव्हा दुभत्या सतरा होत्या. मला ते नेविस्ता म्हणायचे, म्हणजे सूनबाई. रीपेका हे माझं नाव त्यांच्या तोंडून मी दोनदाच ऐकलं.

माझा नवरा आंते लाकडाच्या गिरणीवर कामाला होता. सोमवारी पहाटे जायचा, शनिवारी संध्याकाळी यायचा. आठवडाभर घरात दिदा, मी आणि पोर.

बाळंतपणानंतर मला ताप आला आणि अंगावरचं दूध आटलं. गाईचं दूध पाजलं की कातारिना ओकायची, मानेवर लाल चट्टे उठायचे. शेळीचं पोटात राहायचं. दर बुधवारी नर्सबाई मोटारीतून यायची, पोरीला फडक्यात बांधून काट्याला लटकवायची आणि आकडा वहीत लिहायची. मार्चच्या पहिल्या बुधवारी तिने काटा दोनदा पाहिला.

"रीपेका, वाढत नाही ही. थांबलीय."

"दूध कमी पडतंय बाई. शेळ्या कमी देताहेत."

"का?"

"माहीत नाही."

"मे महिन्यापर्यंत बघते. नाही वाढली तर इस्पितळात ठेवावी लागेल. किती दिवस ते आत्ता नाही सांगता येणार."

माझा पहिला मुलगा दोन वर्षांचा असताना तिथे ठेवला होता. छातीत कफ झाला होता. परत आला तो पेटीतून. नर्सबाईला ते ठाऊक होतं, म्हणून ती माझ्याकडे न बघता बोलली. मी पोरीला फडक्यातून सोडवलं आणि परत पाठीला बांधलं.

त्या साली मार्चमध्ये, इथला उन्हाळा संपता संपता, पाऊस सुरू झाला आणि गारवा मात्र आला नाही. दिवसभर घामेजलेली हवा. गवत गुडघ्याला लागलं. सकाळी त्यावर इतकं दव असायचं की चार पावलांत स्कर्टचा घेर भिजून पिंडऱ्यांना चिकटायचा.

दिदांचा शेळ्या सोडायचा एक नेम होता. सूर्य वर यायच्या आत शेळ्या कुरणात पाहिजेत. त्यांच्या डोंगरात मेपासून सप्टेंबरपर्यंत पाण्याचा थेंब नसायचा. विहिरीतलं पाणी माणसांना पुरत नव्हतं. शेळ्या अंधारात बाहेर काढायच्या, त्या झुडपांवरचं दव चाटून पोटं भरायच्या आणि ऊन चढलं की दगडांच्या सावलीला बसायच्या. उशिरा उठणाऱ्याच्या शेळ्या तहानेने मरायच्या. दिदांच्या थोरल्या भावाच्या तशाच मेल्या होत्या, आणि बापाने त्याला सगळ्या गावासमोर पट्ट्याने मारलं होतं. दिदा तेव्हा सात वर्षांचे होते. ही हकिगत त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी पट्ट्याचा आवाज तोंडाने काढून दाखवला असेल.

तेव्हा पहाटे पाच वाजता फाटक उघडायचं. नऊ-दहाच्या सुमाराला शेळ्या पोट भरून बसायच्या. दुपारी परत थोडं चरणं, चारला आत, दिवसाची दुसरी धार. ह्या धारेच्या वेळी प्रत्येकीला मूठभर भरडलेल्या मक्याचं आंबोण. याउपर काही देणं म्हणजे दिदांच्या मते शेळीला आळशी करणं.

मार्चच्या मध्यावर कुपीना नावाच्या काळ्या शेळीच्या जबड्याखाली सूज आली. लिंबाएवढी, मऊ. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. सकाळी कमी असायची, संध्याकाळी लोंबायची.

दिदांनी ती हातात तोलून पाहिली. "पाणी आहे. हौदाचं पाणी जास्त प्यालीय."

"हौदाचं पाणी जबड्यात कसं येईल, दिदा?"

"मग कुठून आलं? तू सांग."

त्यांनी हौद पालथा घातला आणि दुसऱ्या दिवसापासून शेळ्या साडेचारलाच सोडल्या, म्हणजे त्या नुसतं स्वच्छ दव पितील. आठवड्यात आणखी तिघींना सूज आली. दूध निम्म्यावर आलं. चरता चरता शेळ्या मध्येच थांबून उभ्या राहायच्या, काहीतरी विसरल्यासारख्या. पहिली मेली तिला हगवणही नव्हती, तापही नव्हता. चालता चालता बसली आणि उठली नाही.

आंतेने शनिवारी ते पाहिलं आणि पुढच्या शनिवारी तो शेतकी खात्याच्या साहेबाला घेऊनच आला. साहेब गोरा, लाल कानांचा, बूट नवे. त्याने कुपीनाची खालची पापणी अंगठ्याने ओढली.

"हे बघा. आत लाल हवं. हे कसं आहे?"

"पांढरं," मी म्हटलं.

"कागदासारखं. पोटात जंत आहेत. रक्त पितात. रक्त गेलं की पाणी साचतं."

आंतेने बापाला त्यांच्या भाषेत सांगितलं. दिदा हसले. "लहानपणापासून शेळ्या बघतोय. रक्त पिणारा जंत आत बसलाय आणि मला दिसला नाही? ह्याला विचार, ह्याने कधी शेळी व्यालेली बघितलीय का."

"काय म्हणतात?" साहेबाने विचारलं.

"आभार मानतात," आंते म्हणाला.

साहेबाने हिरव्या पुडीचा एक डबा दिला आणि पाण्यात कालवून बाटलीने पाजायला सांगितलं. तीन आठवड्यांनी परत. त्याला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. बाकीचं डब्यावर लिहिलंय म्हणाला आणि गेला. आंतेही रविवारी दुपारीच गिरणीवर गेला, लाकडाची मोठी ऑर्डर होती. डबा आमच्याकडे राहिला. दिदांना त्यांच्या भाषेतली अक्षरं यायची, ह्या नाही. मला तर कुठलीच येत नव्हती.

सोमवारी आम्ही पुडी पाजली. मी शेळीला दोन गुडघ्यांत धरायची आणि दिदा डाव्या हाताने बाटली तोंडात घालायचे. माझ्या हातांना, कपड्यांना, पाठीवरच्या पोरीच्या टोपीला हिरवे डाग पडले.

मंगळवारी सकाळी दिदांनी गोठ्यातून हाक मारली. "नेविस्ता! इकडे ये! ये म्हणतो ना!"

एक शेळी मुतत होती आणि पेंढ्यावर पडलेलं पाणी बघता बघता लाल होत होतं. दुसरीचंही तसंच. गोठ्यात जिकडे तिकडे लाल थारोळी. मी कुपीनाची धार काढायला बसले. चरवीत दूध पडलं ते आधी बरं दिसलं, मग त्यावर गुलाबी छटा आली. आत बाटली उकळत ठेवली होती, पोर भुकेने हात चोखत होती, आणि माझ्या मांडीवर हे असलं दूध.

"रक्त!" दिदा म्हणाले. "जंत रक्त पितात म्हणे. आता कोण पितंय? त्याच्या पुडीने आतडी फाडली!"

"ओतून देऊ?"

"मग काय पोरीला पाजणार?"

मी ओतून दिलं. तीन दिवस सगळं दूध ओतलं. पोरीला बार्लीचं पाणी साखर घालून पाजलं. तिसऱ्या दिवशी तिचा रडण्याचा आवाज मांजराच्या पिलासारखा बारीक झाला. दिदांनी डबा खिळ्यांच्या फळीवर फेकला आणि दुसऱ्यांदा पुडी पाजायची नाही असं सांगितलं. मी हो म्हटलं. मीही ते लाल पाणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण त्या आठवड्यात दोन शेळ्यांची सूज उतरली. पुडीने आतडी फाडली तर सूज का उतरावी? आणि उतरली तर पुढच्या पंधरवड्यात परत का यावी? मी विहिरीवर उभी राहून तेच तेच घोळवायची आणि बादली भरून वाहायला लागली तरी ध्यानात यायचं नाही.

आता गालेबाबद्दल सांगते. गालेबा पांढरी, म्हातारी, मागच्या पायाने अधू. जेमतेम कपभर दूध द्यायची. दिदांनी ती ईस्टरला कापायची ठरवली होती. कापायच्या शेळीला महिनाभर घराशी बांधून, खाऊपिऊ घालून अंगावर आणायची, ही त्यांच्या डोंगरातली रीत. म्हणून ती स्वैपाकघराच्या मागे वाळुंजाच्या झाडाखाली दाव्याला होती. तिचं करणं माझ्याकडे. सकाळी पोरीचं, भांड्यांचं आवरेपर्यंत दहा वाजायचे. मग मी तिला घरामागच्या गवतात सोडायची, दुपारी परत बांधायची. वाळुंजाच्या डहाळ्या तोडून टाकायची, रताळ्याचे वेल टाकायची, दोन वेळा आंबोण. ती दिवसभर रवंथ करत बसायची, तिच्याकडे बघून कोणी म्हणालं नसतं की हिचे दिवस भरलेत.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आंटी पारे आली. कुबडीसारखी जाड काठी, तोंडात पाईप. येऊन वाळुंजाखालीच बसली.

"ही का गं एवढी लठ्ठ? आणि तिकडच्या सांगाडे?"

"ही कापायची आहे, आंटी."

"म्हणजे तुमच्याकडे जगायचं असेल तर आधी मरणाच्या यादीत नाव लागायला पाहिजे."

मी हसले, बऱ्याच दिवसांनी. मग सहज गालेबाची पापणी ओढून बघितली. आत लालभडक. मी कुरणात जाऊन एकेकीची पापणी पाहिली. कागद, कागद, कागद. परत येऊन गालेबाची पुन्हा पाहिली, आपण काही चुकीचं तर बघत नाही ना म्हणून.

"आंटी, हिला पुडीसुद्धा पाजलेली नाही. कापायची म्हणून."

"मग काय वेगळं करतेस हिला?"

"आंबोण दोनदा देते. पाला देते."

"तसं दे मग सगळ्यांना."

मी तसं केलं. दिदा गावात जात तेव्हा चोरून. सगळ्यांना दोनदा आंबोण, मक्याचं पोतं झपाट्याने खाली जायला लागलं. दूध थोडं वाढलं, पण पापण्या पांढऱ्याच. आणखी एक मेली. मग आंबोण बंद करून नुसता पाला दिला. काही नाही. मला वाटायला लागलं की गालेबा अधू आहे म्हणून देवाने तिला सोडलंय, किंवा पांढरी आहे म्हणून, किंवा वाळुंजाच्या सालीत काही असेल. मी वाळुंजाची साल उकळून कुपीनाला पाजली. तिने ते पाणी माझ्या अंगावर फुर्रकन उडवलं.

दरम्यान ईस्टर आला आणि गेला. गालेबा कापली नाही, कारण एवढ्या खुराकाने तिचं दूध कपावरून बाटलीवर, आणि बाटलीवरून दीड बाटलीवर आलं होतं, आणि कातारिनाला पाजण्यासारखं खात्रीचं दूध तेवढंच होतं. पोरीला दिवसाला तीन बाटल्या लागायच्या. दिदांनी सुरी धार लावून परत कपाटात ठेवली.

"खाटकाला दाखवायची ती पोर पोसतेय," ते म्हणाले, "आणि माझ्या चांगल्या शेळ्या मरताहेत. देव वर बसून पत्ते पिसतोय वाटतं."

आंटी पारे पुन्हा आली ती सकाळी नऊला. मी गालेबाला अजून सोडलं नव्हतं.

"ही अजून बांधलेली?"

"भांडी राहिलीत. दहाला सोडते."

आंटीने काठीने गवत हलवलं. तिच्या बुटांवर ओल उरली नव्हती. मग तिने लांब कुरणाकडे बघितलं, जिथे शेळ्या पहाटेपासून चरून आता बसल्या होत्या.

"ह्या पाच वाजता ओलं खातात. ही दहा वाजता कोरडं खाते. पाला सगळ्यांना दिलास, आंबोण सगळ्यांना दिलंस. दहा वाजता सोडणं तेवढं राहिलं."

"दवाने काय होणार, आंटी? पाणीच ते."

"मला काय विचारतेस? मी कुठे शेळी आहे."

मला तरी कुठे पटत होतं. पण जीभ गप्प बसेना. दुपारी दिदा सूप पीत होते तेव्हा मी म्हटलं, "दिदा, उद्यापासून शेळ्या दव वाळल्यावर सोडूया."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"मीच म्हणते. गालेबा—"

"दव वाळल्यावर! आमच्याकडे ज्याने दव वाळल्यावर सोडल्या त्याचं काय झालं, सांगितलंय मी तुला."

"तिकडे पाणी नव्हतं. इथे सगळीकडे पाणीच पाणी आहे."

"दव ते दव! तिकडचं आणि इकडचं वेगळं असतं होय? वरून येतं ते, नेविस्ता. देवाकडून." त्यांचा आवाज चढला. "दहाला सोडायच्या, चारला आत घ्यायच्या. सहा तास. सहा तासांत शेळीचं पोट भरतं? उरलेलं कोण भरणार? तू?"

"मी तोडीन डहाळ्या."

"तू! पाठीवर पोर घेऊन सोळा... तेरा शेळ्यांना?"

तेरा उरल्या होत्या. त्यांनी आकडा सुधारला ते मला दिसलं, आणि माझं डोकं फिरलं. पोर रडत होती, बाटलीत तळाशी बोटभर दूध होतं, बुधवार उद्यावर आला होता.

"मग तुम्हाला पहाटेच सोडायच्या असतील तर आधी दव झाडून घ्या सगळ्या कुरणावरचं! आणि मग खुशाल सोडा!"

दिदा चमचा उचलून सूप पिऊ लागले.

बुधवारी काट्याचा आकडा मागच्यापेक्षा खाली होता. नर्सबाईने वही मिटली. "चार मेला मी गाडी घेऊन येते. कपडे बांधून ठेव."

शनिवारी आंतेने दोघांचं ऐकून घेतलं. मग बापाच्या समोर, माझ्यासमोर म्हणाला, "शेळ्या दहाला सुटतील. बाबा, फाटकाची किल्ली रीपेकाकडे द्या."

दिदांनी गळ्यातली किल्ली काढली. उजवा हात वर जाईना म्हणून डाव्या हाताने, आडव्या बाजूने, कितीतरी वेळ ओढत राहिले. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे." किल्ली टेबलावर ठेवली, माझ्या हातात नाही.

पुढचे दिवस माझ्या खांद्यांना अजून आठवतात. पहाटे उठून ओढ्यापर्यंत जायचं, कोयत्याने वाळुंज तोडायचा, भारे बांधून ओढत आणायचे. मानेवर दोर, पाठीवर पोर. गव्हाणीत भारा टाकला की शेळ्या सालसुद्धा सोलून खायच्या, आणि दोन तासांत पुन्हा ओरडायला लागायच्या. दहापर्यंत त्यांच्या ओरडण्याने डोकं उठायचं. दिदा बाकावर बसून असायचे. पाच वाजता उठण्याची सवय, आणि उठून करायचं काही नाही. खांद्यामुळे कोयता धरता येत नव्हता. एकदा त्यांनी डाव्या हाताने एक डहाळी तोडून बघितली. तिसऱ्या घावाला कोयता बुटावर आला. बुटाचं कातडं फाटलं, पाय वाचला. त्यांनी कोयता माझ्यासमोर आणून ठेवला आणि परत बाकावर जाऊन बसले.

दूध वाढलं नाही. पण नवी सूजही कोणाला आली नाही. ही गोष्ट चांगली की वाईट हेच मला कळत नव्हतं. चार मे जवळ येत होता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी भारा घेऊन परत येत होते. उजाडत होतं. कुरणात दिदा चालताना दिसले. एकटे, शेळ्या नाहीत. त्यांनी डिंकाच्या दिवसांतला एक लांब जाड दोर शोधून काढला होता. एक टोक कुंपणाच्या खांबाला बांधलेलं, दुसरं पोटाभोवती. दोर ताणून ते खांबाभोवती अर्धगोल चालत होते. दोर गवतावरून सरकत जायचा तसं गवत वाकायचं, उठायचं, आणि दवाचा फवारा उडायचा. मागे गडद हिरवा पंखा उमटत जायचा. एक पंखा झाला की दोर सोडून पुढच्या खांबाला. कमरेपर्यंत चिंब. टोपीतून पाणी गळत होतं.

मी भारा टाकून कुंपणाशी गेले. "दिदा, हे काय?"

"तू म्हणालीस ना."

"मी रागात बोलले होते."

"ये. हात लाव." त्यांनी मला झाडलेल्या पट्ट्यावर वाकायला लावलं. "आहे का दव? नीट फिरव हात."

गवत दमट होतं. पण नेहमीसारखं नाही. बोटं ओली झाली, तळवा नाही झाला.

"थोडं आहे."

"सूर्य आला की हे आधी वाळेल. आठलाच कोरडं होईल. दोन तास जास्त मिळतील शेळ्यांना. दोन तास म्हणजे किती दूध, सांग?" ते धापा टाकत होते आणि चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. "आमच्या डोंगरात हे कोणाला सांगितलं तर मला बांधून ठेवतील, नेविस्ता. याकोव दव फेकून देतो म्हणे!"

"तुम्हाला पटलं का? दवाचं?"

"नाही," ते म्हणाले. "अजिबात नाही. तुला?"

"मलाही नाही."

आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी दोर उचलला.

त्या दिवशी आठ वाजता हात फिरवला तर तो पट्टा खरंच कोरडा होता. मी फाटक उघडलं. रोज आठ ते चार, वर माझे भारे आणि दोनदा आंबोण. चौथ्या दिवसापासून चरवीचा आवाज बदलला. पोरीला तिसरी बाटली मिळाली. चार मेला नर्सबाई आली तेव्हा कपडे बांधून ठेवलेले होते. तिने काटा पाहिला, पोरीला उतरवून परत लटकवलं, परत पाहिला.

"अर्धा पौंड वाढलीय. काय दिलंस?"

मी म्हटलं, "शेळ्या जरा जास्त वेळ सोडल्या." तिने तेवढंच लिहून घेतलं. मी कपड्यांची गाठ सोडली.

दव झाडल्याने जंत कमी होतात का, हे मी पुढे अनेकांना विचारलं. एक म्हणाला होतात, एक म्हणाला उलट ओल्या पात्यांवरचे जंत खाली पडून पुन्हा चढतात, आणि एकजण नुसता हसला. मला आजही माहीत नाही. कदाचित मेमध्ये इथली थंडी आली म्हणून जंत थांबले असतील. कदाचित पाल्याने झालं असेल. तेरातली पुढे एकही मेली नाही, एवढं मात्र खरं.

दिदांना खोकला मेमध्येच लागला होता. मी ऐकत होते. ओल्या कपड्यांनी ते आत यायचे, चुलीपुढे उभे राहायचे आणि त्यांच्या पायांखाली पाण्याचं तळं साचायचं.

"आता नका जाऊ, दिदा. पुरे झालं."

"दूध कमी झालं तर?"

ह्यावर मी गप्प बसायची. रोज. एकदा दोर लपवायचं मनात आलं आणि मी तो हातात घेतलाही. आत पोर तिसरी बाटली संपवून पाय नाचवत होती. मी दोर होता तिथे, खुंटीला, परत टांगला.

आंटी पारे एकदा कुंपणावर रेलून बघत होती. "ए म्हाताऱ्या, तिकडचा कोपरा राहिला!" ती ओरडली.

"तो तुझ्यासाठी ठेवलाय!" दिदा ओरडले आणि मग खोकल्याने वाकले ते बराच वेळ सरळ झाले नाहीत. आंटीने पाईप तोंडातून काढला. माझ्याकडे बघितलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते अंथरुणाला लागले. अंगात ताप, बोलणं त्यांच्या भाषेत. थोरल्या भावाला हाका मारायचे, ऊठ म्हणायचे. एका दुपारी मात्र नीट जागे झाले आणि विचारलं, "रीपेका, आज किती वाजता सोडल्या?"

"आठला, दिदा."

"दव?"

"वाळलं होतं."

खरं तर त्या दिवशी कोणीच दव झाडलं नव्हतं आणि मी शेळ्या दहाला सोडल्या होत्या. त्यांनी मान हलवली.

मी अक्षरं शिकले ती कातारिनाबरोबर, तिच्याच पाटीवर. वाचता यायला लागल्यावर एकदा खिळे शोधताना तो पुडीचा डबा हाताला लागला. गंजला होता, आता त्यात खिळे होते, पण वरचं वाचता येत होतं. ही पुडी दिल्यावर जनावराची लघवी लाल होते आणि दुधाला रंग येतो, घाबरू नये, तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावी, असं त्यावर लिहिलं होतं. दवात जंत गवताच्या पात्यांवर चढतात म्हणून जनावरं दव असताना चारू नयेत, असंही त्याखाली लिहिलं होतं. मी ते तीन वेळा वाचलं, खिळे परत त्यात भरले आणि डबा फळीवर ठेवला.

गालेबा पुढच्या वर्षी, छप्पन्नच्या ऑगस्टमध्ये, गोठ्यात आपल्या मरणाने मेली. तिला कोणी कापलं नाही. आंटी पारे बासष्ट साली गेली. माझे सासरे याकोव शूमिच, वय बहात्तर, एकोणीसशे पंचावन्नच्या जूनच्या एकविसाव्या तारखेला, मंगळवारी सकाळी सात वाजता छातीच्या कफाने वारले. तेव्हा कुरणावर दव होतं.